अंकुराची वाढ आणि एका मिनिटाचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे वक्त्याच्या हाती एखादी लढाई, एखादा तह, निदान एखादा ताम्रपट तरी असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. माझ्या हाती आज यांपैकी काहीच नाही. आहे ती एक मातीची कुंडी, तिच्यात पेरलेले वाटाण्याचे काही दाणे, आणि त्या कुंडीसमोर तिवईवर उभी केलेली एक लाकडी पेटी. एवढ्या सामानावर इतिहास कसा उभा राहावयाचा, असे कोणी विचारील. पण आपल्या देशातील चित्रपटाचा धंदा उभा राहण्यापूर्वी त्याच्या जनकाने सावकारांपुढे जो पुरावा मांडला, तो नेमका हाच होता. तेव्हा या कुंडीची चौकशी करण्यास हरकत नसावी.

आपण लिंबागणेशी बसलो आहोत; भालचंद्राच्या गावी. गणेशाला हसल्यामुळे चंद्राला शाप मिळाला, त्याने तप केले, आणि प्रसन्न होऊन गणेशाने त्याला आपल्या भाळी धारण केले, अशी या क्षेत्राची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. त्या चंद्राविषयी मी एक साधा प्रश्न विचारतो. चंद्र वाढताना आपणांपैकी कोणी पाहिला आहे काय? द्वितीयेची कोर पाहिलेली असते, अष्टमीचा अर्धा चंद्र पाहिलेला असतो, पौर्णिमाही पाहिलेली असते. पण 'वाढताना' मात्र कोणी पाहिलेला नसतो. वाढलेला तेवढा पाहिलेला असतो. काल एवढा होता, आज एवढा आहे. मधली वाढ आपण मनाने भरून काढतो.

नवरात्रातील घटाचेही असेच. शेतातील काळी माती आणून, तिच्यात धान्य पेरून आपण घट बसवतो. रोज एक माळ चढते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसू लागतात आणि दसऱ्याला ते टोपीत खोवण्याइतके होतात. नऊ दिवस एकाच जागी, ठरल्या वेळी, त्याच पात्राकडे पाहण्याची ही रीत घरोघर चालत आली आहे. ती ज्याला कळली, त्याला आजच्या विषयाचे अर्धे तत्त्व कळले असे मी म्हणेन.

उरलेले अर्धे तत्त्व यंत्राचे आहे. चलच्चित्रात हालचाल म्हणून जे दिसते, ती प्रत्यक्षात स्थिर चित्रांची एक लांबलचक माळ असते. मूक चित्रपटाच्या काळी दर सेकंदाला साधारण सोळा चित्रे टिपत आणि त्याच वेगाने पडद्यावर दाखवीत. म्हणून टिपलेला माणूस चालला तसाच चालताना दिसे. आता समजा, चित्रे टिपण्याचा वेग फार कमी केला, तासाला एक किंवा दोन इतका, आणि दाखवण्याचा वेग मात्र सेकंदाला सोळाच ठेवला, तर काय होईल? आठ तासांत टिपलेली सोळा चित्रे एका सेकंदात डोळ्यांपुढून जातील. कळी उमलेल, कोंब माती फोडील, ढग धावतील. यालाच टाइम-लॅप्स म्हणतात. मी त्याला मराठीत कालसंक्षेप म्हणतो. दुर्बिणीने दूरचे जवळ आणले, सूक्ष्मदर्शकाने लहान मोठे केले, आणि या युक्तीने सावकाश घडणारे आपल्या दृष्टीच्या टप्प्यात आणले.

ही युक्ती चलच्चित्राच्या जन्माबरोबरच जन्मली. जर्मनीत लाइपझिग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८९८ ते १९०० या काळात वनस्पतींच्या हालचाली अशा रीतीने टिपल्या; त्यांचा हेतू विद्यार्थ्यांना शिकवण्याचा होता. न्यूयॉर्कमध्ये १९०१ साली फ्रेडरिक आर्मिटेज या छायाचित्रकाराने 'स्टार थिएटर' नावाचे नाट्यगृह पाडले जात असताना दर चार मिनिटांस एक चित्र, रोज आठ तास, असे टिपले, आणि दोन मिनिटांत अख्खी इमारत विरघळल्यासारखी दाखवली. लंडनमध्ये १९१० साली पर्सी स्मिथ यांचा 'फुलाचा जन्म' हा लघुपट प्रेक्षकांपुढे आला. स्मिथ हे मूळचे सरकारी कचेरीतील कारकून. घरातच यंत्रांची जुळवाजुळव करून त्यांनी फुलांना पडद्यावर उमलवले.

यानंतर दोनच वर्षांनी, १९१२ साली, मुंबईत वाटाण्याची कुंडी मांडली गेली. मांडणारे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. ज्यांना सारा देश दादासाहेब म्हणून ओळखतो.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलाने मात्र चित्रकलेची वाट धरली. आधी मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि नंतर बडोद्याचे कलाभवन. छायाचित्रण तेथेच हाती आले. पुढे गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. मग पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे-आराखडे काढणारा म्हणून काही वर्षे नोकरी, आणि ती सोडल्यावर लोणावळ्यास व पुढे मुंबईस छापखाना. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. मध्यंतरी जादूचे प्रयोगही करीत, आणि त्यासाठी आपले आडनाव उलटे करून त्यांनी 'प्रोफेसर केल्फा' असे नाव घेतले होते.

या साऱ्या उद्योगांची यादी वाचून एखाद्यास वाटेल की, हा मनुष्य एका जागी टिकणारा नव्हता. मला तसे वाटत नाही. हे उद्योग एकमेकांस धरून होते, आणि वाटाण्याच्या कुंडीसमोर ते सगळे एकत्र आले. तिरंगी छपाईचेच पाहा. एकाच चित्राचे तीन ठसे, तीन रंगांत, एकावर एक उमटवावयाचे असतात. त्यांतील एक ठसा केसभर सरकला, तरी देवीच्या ओठांचा लाल रंग गालावर जातो आणि कागद रद्दीत. कालसंक्षेपाचे पथ्य तेच. आजचे चित्र कालच्या चित्रावर अचूक बसले पाहिजे. कुंडी हलता कामा नये, तिवई हलता कामा नये. घरातील मुलाचा धक्का लागून पेटी अर्धा बोट सरकली, तर पडद्यावर रोप आपल्या जागेवरून उडी मारील. छपाईच्या धंद्याने ज्याच्या हाताला ही शिस्त लावली आहे, तोच असे काम अंगावर घेऊ धजतो.

छापखान्याच्या भागीदारांशी बिनसल्यावर दादासाहेब रिकामे झाले. त्याच सुमारास, १९१०-११ च्या दरम्यान, त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या रामकृष्णांना असे पडद्यावर केव्हा पाहता येईल, या विचाराने त्यांना घेरले. पुढची हकीगत त्यांनी स्वतःच १९१७-१८ साली 'नवयुग' मासिकातून सांगितली आहे. रात्रंदिवस प्रयोग, झोप नाही, अतिश्रमाने डोळे बिघडले आणि काही काळ तर दृष्टीच जाते की काय अशी वेळ आली. उपचारांनी डोळे सुधारले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना आस्थेने वागवले. चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी आपला कारखाना मोकळेपणाने दाखवला. पन्नास पौंड देऊन त्यांनी विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा घेतला, फितीला कडेची भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फीत यांची मागणी नोंदवली, आणि १ एप्रिलला ते परत आले.

यंत्रे आली, पण गंगाजळी आटली होती. पूर्ण लांबीचा चित्रपट काढावयाचा तर नट, पोशाख, देखावे, साठ-सत्तर माणसांचे जेवणखाण, सगळ्यास पैसा हवा. आणि पैसा देणाऱ्याने हिंदी माणसाने काढलेला असा चित्रपट कधी पाहिलेलाच नव्हता. बोलण्यावर कर्ज मिळत नाही. सावकारास काहीतरी डोळ्यांनी दिसावे लागते. तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणे पेरले, तिच्यासमोर कॅमेरा उभा केला, आणि महिन्याहून अधिक काळ बी रुजण्यापासून वेल होईपर्यंतची वाढ टिपली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ती चित्रफीत मिनिटाहून थोडी अधिक चालणारी होती. ती त्यांनी निवडक मंडळींना दाखवली, आणि छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे गृहस्थ कर्ज देण्यास तयार झाले. आज ती फीत पाहावयास मिळत नाही. उरली आहे ती तिची हकीगत.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ही हकीगत सांगताना बहुतेक ठिकाणी असे सांगतात की, दादासाहेब 'रोज एक चित्र' टिपत असत. वाक्य सुटसुटीत आहे, ऐकावयास गोड आहे, आणि म्हणूनच एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात ते सहज गेले आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने गोड वाक्याला आधी त्रैराशिक घालावे. ते घालण्यास गणितीही नको. चौथीचा विद्यार्थी पुरे.

सेकंदाला सोळा चित्रे धरली, तर एका मिनिटास १६ × ६०, म्हणजे ९६० चित्रे लागतात. रोज एक चित्र टिपले, तर महिन्यात तीस होतात. आणखी दहा दिवस धरले तर चाळीस. चाळीस चित्रे पडद्यावरून अडीच सेकंदांत निघून जातात. तेवढ्या वेळात सावकाराने पडद्याकडे मान वळवावी तोच खेळ संपावयाचा! रोज एकच चित्र घेऊन मिनिटभराची फीत करावयाची तर ९६० दिवस लागतील, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक. वाटाण्याचा वेल काही अडीच वर्षे टिकत नाही.

तेव्हा 'रोज एक' आणि 'एक मिनिट' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. एक तर फीत मिनिटभराची नव्हती, किंवा चित्रे रोज एक नव्हती. एक तिसरी शक्यताही उरते, तीही तपासली पाहिजे. रोज एकदा कॅमेऱ्यासमोर उभे राहून एकदम वीस-पंचवीस चित्रे टिपली असतील काय? तसे केले तर लांबी भरते. पण पडद्यावर रोप सेकंद-दीड सेकंद निश्चल उभे राहील, मग एकदम दिवसाएवढे वाढेल, पुन्हा निश्चल. ती वाढ दिसणार नाही. जादूच्या कंदिलाच्या काचा एकामागून एक सरकवाव्यात तसे दिसेल. असल्या देखाव्याने कोणी पैशाची थैली सोडील असे मला वाटत नाही. शिवाय दादासाहेब मुरलेले छायाचित्रकार होते. वाढ आणि उडी यांतील भेद त्यांना कळत नव्हता, असे मानणे अवघड आहे.

म्हणून फीत मिनिटभराची होती हे धरून चालू आणि हिशेब उलट बाजूने करू. चाळीस दिवसांत ९६० चित्रे, म्हणजे रोज चोवीस. रात्रंदिवस टिपली तर तासाला एक. केवळ दिवसाच्या बारा तासांत टिपली तर दर अर्ध्या तासाला एक. त्या काळची फीत फार मंद असे. भरपूर उजेडावाचून तिच्यावर चित्र उमटत नसे. तेव्हा दिवसाचा हिशेब अधिक संभवनीय धरावा लागतो: सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत, दर अर्ध्या तासाला. आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा. आपोआप चालणारे घड्याळ कॅमेऱ्याला जोडलेले नसेल, तर दर अर्ध्या तासाला कोणीतरी मनुष्य उठला पाहिजे, उजेड बेताचा आहे की नाही ते पाहिले पाहिजे, आणि दांडी जपून फिरवली पाहिजे. त्या काळच्या कॅमेऱ्याची दांडी एरवी सेकंदाला दोनदा फिरवीत, आणि एका फेऱ्यात आठ चित्रे होत. पण पुष्कळ कॅमेऱ्यांना 'एक फेरा, एक चित्र' असाही एक वेगळा खुंटा असे. त्या खुंट्यावर एक फेरा द्यावयाचा आणि बाजूला व्हावयाचे. चाळीस दिवस. जेवण अर्ध्यावर, पाहुणे दारात, पाऊस खिडकीत, काहीही असो.

शिवाय या कामात मध्येच पाहण्याची सोय नसते. फीत धुऊन काढीपर्यंत तिच्यावर काय उमटले आहे ते दिसत नाही. पंधराव्या दिवशी चूक झाली आणि ती चाळिसाव्या दिवशी कळली, तर नवे वाटाणे पेरून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. हे ज्याने पत्करले त्याच्याजवळ पैसा कमी होता, डोळे नुकतेच सुधारले होते, आणि विम्याची पॉलिसी गहाण पडली होती.

मी हा हिशेब कोणाची चूक काढावी म्हणून केला नाही. 'रोज एक चित्र' या वाक्याने दादासाहेबांचा मोठेपणा वाढत नाही. उलट त्यांचे श्रम चोविसांपैकी तेवीस भाग कमी होतात. रोज सकाळी एकदा दांडी फिरवून दिवसभर मोकळा राहणारा मनुष्य हौशी म्हणावयाचा. दर अर्ध्या तासाला कामाशी बांधलेला मनुष्य निराळा. आपल्याकडे थोर माणसांची चरित्रे लिहिताना प्रतिभा फार सांगतात आणि तास मोजत नाहीत. तास मोजले तर प्रतिभेला कमीपणा येतो असे आपणांस का वाटावे, कोण जाणे.

वाटाणाच का निवडला असावा, याचाही विचार करण्यासारखा आहे. वाटाण्याचा दाणा टपोरा, पडद्यावर दिसण्यासारखा. तो चार-सहा दिवसांत रुजतो. आणि मुख्य म्हणजे तो वेल आहे. त्याला तणावे फुटतात, आणि ते तणावे आधार शोधीत हवेत गोल फिरतात. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींवर निबंध लिहिला, त्यात वाटाण्याच्या या भ्रमणाची निरीक्षणे आहेत. एका फेरीस दीड-दोन तास लागतात. साध्या डोळ्यांस तो तणावा निश्चल भासतो. कालसंक्षेपात मात्र तो आंधळ्याच्या हातासारखा चाचपडताना दिसतो. ज्वारीचे ताट नुसते उंच झाले असते. वाटाण्याने अभिनय केला. हिंदी चित्रपटसृष्टीतील पहिला नट कोण, या वादात मी वाटाण्याचे नाव सुचवले तर आपण हसाल. पण नट म्हणून त्याने मानधन मागितले नाही, आणि दादासाहेबांना त्या वेळी तसलाच नट परवडण्याजोगा होता!

येथे जादूगार 'केल्फा' यांची पुन्हा आठवण होते. आपल्या बाजारात गारुडी आंब्याचे झाड काढीत असत. कोय मातीत पुरावयाची, वर फडके टाकावयाचे, डमरू वाजवावयाचा, आणि फडके उचलताच हातभर रोप! सगळी विद्या त्या फडक्याखाली असते. वाढ कोणास दिसत नाही, वाढलेले तेवढे दिसते. दादासाहेबांनी तोच खेळ फडके काढून टाकून केला. बी रुजले ते खरे, कोंब आला तो खरा, वेल चढली तीही खरी. खोटा होता तो केवळ वेळ. जादूगाराचा कसब लपवण्यात असतो आणि शास्त्रज्ञाचा उघड करण्यात. दोन्ही विद्या अंगी असलेल्या या माणसाने आपला पहिला पुरावा मांडताना दुसरी निवडली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. दादरला 'राजा हरिश्चंद्र'चे काम सुरू झाले. पत्नी सरस्वतीबाई यांनी फितीला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि आपले दागिनेही कर्जाच्या कामी दिले. लहानग्या भालचंद्राने रोहिदासाची भूमिका केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो चित्रपट लोकांसाठी लागला. हरिश्चंद्राच्या सत्त्वपरीक्षेचे कौतुक झाले. कुंडी विस्मृतीत गेली. बी जमिनीत जाते आणि झाड वर राहते, तसेच हे.

त्याच सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस वनस्पतींच्या वाढीचे मोजमाप करण्यात गढलेले होते. त्यांच्या क्रेस्कोग्राफ यंत्राने रोपाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवली, म्हणून पळापळाची वाढ दिसू लागली. बोसांनी अंतर वाढवले. फाळक्यांनी वेळ आखडला. एकाचा हेतू शास्त्राचा, दुसऱ्याचा भांडवल मिळवण्याचा. पण झाड स्थिर नसते, आपली नजर उतावळी असते, हे दोघांनीही आपापल्या परीने दाखवले.

आता शेवटी थोडे आपल्याविषयी. दादासाहेबांना जे यंत्र पन्नास पौंडांना पडले, त्याहून पुष्कळ हुशार यंत्र आज येथे बसलेल्या बहुतेकांच्या खिशात आहे. मोबाइलमध्ये टाइम-लॅप्सची सोय असते. टेकडीवरून येणारे मृगाचे ढग, भालचंद्राच्या देवळाची सरकणारी सावली, एवढ्यासाठी ती पुरेशी आहे. पण ज्याला खरी सुरुवात करावयाची आहे त्याने बटण दाबण्यापूर्वी पाटीवर हिशेब मांडावा. उदाहरणार्थ, येत्या नवरात्रात घटाशेजारी एका परळात वेगळे गहू पेरा. नऊ दिवसांचे २१६ तास होतात. आज सेकंदाला पंचवीस चित्रे दाखवण्याची रीत आहे. दहा सेकंदांची फीत हवी असेल तर २५० चित्रे लागतील, म्हणजे साधारण दर बावन्न मिनिटांस एक. ठराविक वेळाने आपोआप चित्र घेण्याची सोयही मोबाइलवर मिळते. तो विजेला जोडून ठेवावा. जागा पक्की करावी. प्रकाश आणि फोकस एकदा बसवून कायम करावा, नाहीतर चित्रे एक उजळ, एक काळी अशी लुकलुकतात. खिडकीच्या उन्हापेक्षा एकसारखा जळणारा दिवा बरा. आणि परळ पाणी घालण्यासाठी उचलू नये. जागच्या जागी पाणी शिंपडावे. एवढी पथ्ये पाळली की घरातील मुलांना दसऱ्याला कोंबांची वाढ खरोखर दिसेल.

याहून महत्त्वाचे एक काम मला सुचवावेसे वाटते, आणि तेथे 'रोज एक' देखील लागत नाही. आठवड्यास एक पुरे. गावातील एक विहीर निवडा. आतल्या बांधकामावर फुटांचे आकडे रंगवा. काठावर एक दगड पक्का बसवा, आणि दर आठवडी बाजाराच्या दिवशी, ठरल्या वेळी, त्याच दगडावरून एक छायाचित्र घ्या. एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंत बावन्न चित्रे होतील. सेकंदाला चार या वेगाने दाखवली तर तेरा सेकंद. त्या तेरा सेकंदांत पाणी भरताना दिसेल, आणि उतरतानाही दिसेल.

आपला हा मुलूख दुष्काळाचा. १९७२ ची आठवण येथील वडीलधाऱ्यांना आहे, आणि नंतरचे दुष्काळ तरुणांनीही पाहिले आहेत. दरवेळी आपण म्हणतो, 'विहीर एकाएकी आटली.' विहीर एकाएकी आटत नाही, जसा चंद्र एकाएकी वाढत नाही. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले कुटुंब पाडव्याच्या सुमारास परत येते, तेव्हा त्याला गावाची दोनच चित्रे दिसतात: जाताना भरलेली विहीर आणि येताना उघडा पडलेला तळ. मधले पाच-सहा महिने त्याने पाहिलेले नसतात. पण जे गावातच राहिले त्यांनी तरी कोठे पाहिलेले असतात? रोज पाणी शेंदणाऱ्याला रोजची ओंजळभर उतरण दिसत नाही. पाणी कोणत्या आठवड्यापासून वेगाने उतरू लागले, कोणत्या नव्या उपशानंतर उतरले, हे ग्रामसभेत सांगावयाचे तर हाती बावन्न चित्रे असावीत. मग वाद आवाजाच्या जोरावर होणार नाही. चित्रावर बोट ठेवून होईल. दादासाहेबांनी सावकारापुढे ठेवला तो पुरावा याच जातीचा होता.

फरक इतकाच की, त्यांना चाळीस दिवस दर अर्ध्या तासाला उठावे लागले असावे. आपणांस आठवड्यातून एकदा विहिरीपर्यंत जावयाचे आहे. काम सोपे आहे, म्हणूनच ते चुकण्याचा संभव अधिक. पहिले आठ-दहा आठवडे उत्साहात जातील. खरी परीक्षा श्राद्धपक्षात, सुगीत, लग्नसराईत येईल. त्या वेळी जो मनुष्य हातातले काम ठेवून त्या दगडावर जाऊन उभा राहील, त्याचे नाव गावाने एका वहीत चित्राच्या तारखेशेजारी लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी कोणी या गावच्या पाण्याचा इतिहास लिहावयास बसला, तर त्याला आपल्यासारखे त्रैराशिक घालीत बसावे लागणार नाही.